तुणीचं लाकूड

परवान्यावर आता माझं नाव आहे:
शालन हिंदुराव जगदाळे, मु. पो. विटा.
कारण, स्वसंरक्षण.
कोणापासून ते लिहायला रकाना नव्हता.

हे गलाईवाले. तीस वर्षं तिकडं सेलमला
लोकांच्या मोडीचं पाणी करून परत सोनं करायचे.
रात्री दुकानातून खोलीवर येताना कमरेला ऐवज
आणि खांद्यावर ही, चादरीत गुंडाळलेली.
एकदाही झाडली नाही.
विका म्हटलं तर म्हणायचे, राहू दे,
घरात एक तरी वस्तू न वितळणारी असावी.

आखूड आहे. उभी केली तर माझ्या कमरेच्या जरा वर.
अंग रायफलीचं, गोळी पिस्तुलाची,
मोठ्या तोंडी लहान घास.
चापाभोवती लोखंडी कडं, तेच खाली ओढायचं, वर घ्यायचं:
एक पुंगळी बाहेर, एक काडतूस आत.
शेजारचं पोरगं बघून म्हणालं, काकी, ही तर हापशी!
गल्लीतली हापशी बंद पडून सात वर्षं झाली,
ते जन्मलंय पाच वर्षांपूर्वी.

ठाण्यात साहेब म्हणाले, बाई, जमा करून टाका,
तुम्हाला काय वाघ मारायचेत?
वाघ नाही साहेब, गंज मारायचाय.
तुपे हवालदार रजिस्टरात तोंड घालून हसले.

गंज नव्हताच तसा. दस्ता तडकलेला,
ट्रंकेत उन्हाळे काढून काढून, मुठीपासून मागं केसाएवढी चीर.
सांगलीच्या बंदूकवाल्याच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं.
कुणीतरी म्हणालं, मिरजेला जा,
बाबालाल शिकलगारांकडं, सतारी करतात ते.

नुसता दस्ता काढून पिशवीतून नेला.
कंडक्टर म्हणाला, लाटणं का हे?
टांगलेल्या भोपळ्यांखाली बाबालाल बसलेले.
आमचे पणजे तलवारी पाजळायचे, म्हणाले,
मग तलवारी संपल्या. हातांना कायतरी लागतंच.
तुणीच्या फळीवर नखानं टिचकी मारली, कान लावला,
ठेवून दिली, दुसरी काढली.
मी म्हटलं, अहो, ही वाजवायची नाही.
लाकडाला काय माहीत, बाई, तुम्ही कशाला आणलंय.

लाखेचा हात दिला, सतारीला देतात तोच,
आणि न विचारता कडेला एक बारीक वेल कोरली.
वेलीचे पैसे घेतले नाहीत.

मार्चात क्लबच्या मैदानावर गेले. दहा काडतुसं, मोजून, सही करून.
कानात कापूस, पदर खोचलेला.
नळीवरची माशी श्वास घेतला की उडायची,
सोडला की बसायची, खरीच माशी असल्यागत.
पहिली गोळी मातीच्या बांधात कुठंतरी.
दुसरी कागदाला लागली, कोपऱ्यात,
जिथं छापखान्याचं नाव असतं.
खांद्याला धक्का वाटला होता त्याहून कमी,
गर्दीत कुणी ओळखीच्यानं हात ठेवावा एवढाच.
कडं खाली. वर.
पुंगळी पायाशी, गरम, पिवळीधमक.
पितळ की सोनं, हे असते तर दुरून सांगितलं असतं.

सातव्यानंतर मोजायचं राहिलं
आणि रिकामीच ओढली.
संपली काकी, मास्तर म्हणाले.
तरी आणखी एकदा ओढली,
तो खटक-खटक आवाज आवडला म्हणून.

पुंगळ्या मोजून परत केल्या. नऊ.
दहावी गवतात सापडेस्तोवर ऊन उतरलं.

संध्याकाळी मिरजेहून फोन.
वाजली का?
वाजली.
कशी?
मी जरा आठवून बघितलं. खर्जात, म्हटलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
मागं कुणीतरी खुंटी पिळत होतं, तार चढत होती.
मग म्हणाले, लाकूड अजून ओलं आहे.
एक उन्हाळा जाऊ द्या,
मग परत झाडून बघा.